कातळवाडीचं मानाचं पान

१९ जानेवारी १९५५, बुधवार

उद्या लिहू, उद्या लिहू करत दिवाळीपासून ही वही कोरी ठेवली. आता जाम लाज वाटते. वही माझी नाहीच – मंडळाची आहे. जयवंतरावांनी फराळाच्या ताटाबरोबर हातात दिली आणि म्हणाले, अनंता, वाडीतल्या जुन्या माणसांकडे जा, कोण कधी आलं, कुठल्या गावाहून आलं, आल्यावर कसं राहिलं, सगळं उतरवून आण.

गेलो नाही असं नाही. पहिल्या म्हाताऱ्याच्या दारात कोंबड्यांची झुंज लागली होती, ती बघत बसलो. दुसऱ्याकडे गेलो तर त्याने मलाच झावळ्या बांधायला छपरावर चढवलं. वरून टेकडीपलीकडची खाण दिसली. सुरुंग कसा लावतात ते बघायला तिकडे गेलो. असे तीन महिने गेले. आज जयवंतराव वही मागायला येणार असं कळलं, म्हणून निदान पहिलं पान तरी भरलेलं दिसावं!

मामा म्हणतो, पाचवी नापास झालास, दशावतारात राक्षस झालास, बोटीवर कोळसे ओढलेस, आता माणूस कधी होतलंस?

बघू.

२० जानेवारी

जयवंतरावांनी वही बघितली. कोंबड्यांचं वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला. वही परत दिली. आता ही माझीच.

२४ जानेवारी

आज मंडळाची सभा. मंडळाचं पूर्ण नाव 'कातळवाडी आद्य रहिवासी स्मृती मंडळ'. पाटी रंगवताना 'मंडळ'पर्यंत रंग पुरला नाही, तेवढं फिकट आहे. तेरा फेब्रुवारीला मोठा कार्यक्रम – सत्यनारायण, जुन्यांचे सत्कार आणि सगळ्या वाडीची पंगत. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर! वाडी घाटकोपरला, पण माणसं सगळी आमच्या मालवणाकडचीच, तेव्हा वडे कसे पाहिजेत यावर वाद नाही. वाद पानावर. पंगतीत पहिलं पान, मानाचं, ते वाडीत पहिल्यांदा आलेल्या घराला. पण पहिलं आलं कोण?

जयवंतराव म्हणाले, माझ्या वडिलांनी पहिली भिंत बांधली. हे अध्यक्ष, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, बोलतात छापील. परबांचं म्हणणं, भिंतीच्या आधी आमचे आजोबा चिंचेखाली झोपत होते. तर माझा गुणाजीमामा उठला. मामा गवंडी आहे, त्याचा आवाजही चुन्यासारखा कोरडा. तो म्हणाला, विहीर माझ्या बापाने खणली, पाणी नसतं तर तुमचे आजोबा झोपून उठले असते काय?

भिंत आधी, झोप आधी की पाणी आधी! दोन तास. "झोपला म्हणजे रहिवासी झाला? झोपतो तर बैलपण," असं कोणीतरी मागून म्हणालं आणि परब गॅसबत्ती उचलून घरी निघून गेले. बत्ती त्यांची होती. पुढची सभा काळोखात.

काळोखातच ठरलं – आधी टेकडीच्या पायथ्याच्या राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं, मग चिठ्ठ्या टाकायच्या. गाऱ्हाणं घालणारे बुवा गावी गेलेत. मामा म्हणाला, ह्येचो आवाज मोठो आसा, ह्येका सांगा.

मला! मी तर हवेतच.

येताना जयवंतरावांची कुंदा जिन्यात भेटली. मॅट्रिक झालीय, मंडळाच्या पाट्या तीच रंगवते. म्हणाली, काय रे राक्षसा, देवासमोर तरी गदा आणू नकोस.

२६ जानेवारी

वाट लागली. सगळ्या कार्यक्रमाची वाट लागली आणि ती मी लावली. पण लिहिताना हसू येतंय, काय करू!

सगळ्यांना सुट्टी. सकाळी झेंडावंदन झालं आणि तसेच सगळे राखणदाराच्या पाषाणाकडे. मामाने मला चार वाक्यं पाठ करून दिली होती: लेकरं जमलीत, गोड मानून घे, कार्यक्रम नीट होऊ दे, भांडण मिटू दे. बस. नारळ ठेवायचा आणि गप्प बसायचं. गाऱ्हाणं उपाशीपोटी घालायचं असतं म्हणून मी कालपासून चहावर.

सुरुवात झकास केली. "बा देवा राखणदारा, म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत!" आणि मागून सगळी वाडी एका आवाजात – "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा. दशावतारात एवढा आवाज मला कधी मिळाला नाही. राक्षसाला कोण व्हय म्हणतो?

दुसरं वाक्य, व्हय म्हाराजा. तिसरं, व्हय म्हाराजा. चौथं संपलं. पण आता थांबवेना! लोक मान खाली घालून, हात जोडून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. आणि कोणाच्या तरी घरातून वडे तळल्याचा वास आला. पोटात नुसते कावळे. तोंड आपोआप उघडलं –

"ज्या हाताचां पयलां अन्न ह्या वाडयेन खाल्लां, त्या हाताक पयलां पान देतलाव! तवसर कोण घास घेवचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. जयवंतरावांनी म्हटलं, परबांनी म्हटलं, मामाने तर डोळे मिटून म्हटलं. नारळ फुटला.

आणि मग एकेक मान वर झाली. बायकांत उभ्या असलेल्या सुनंदाकाकूंनी – कुंदाची आई – पदर सावरला आणि सरळ घराकडे चालू लागल्या. जयवंतरावांचा चेहरा खडूसारखा.

कुंदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "मेल्या, तुला हे कोणी सांगितलं बोलायला?"

मी म्हटलं, भुकेने.

२७ जानेवारी

आता सगळं कळलं. मामाने भिंतीला पाठ टेकून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे नुसता कातळ होता. आलेले सगळे बापये. बायकापोरं गावाला. कोण खाणीत, कोण रेल्वेत, कोण गवंडीकामाला. चूल कोणाला पेटवता येत नव्हती, कुरमुरे खाऊन झोपायचे. तेव्हा मथुराबाई आली. नवरा खलाशी, बोटीवर गेला तो गेलाच. तिने तीन दगड मांडले आणि खानावळ सुरू केली. भिंत बांधणारे, विहीर खणणारे, चिंचेखाली झोपणारे, सगळे तिच्याकडे जेवले. जयवंतराव तर लग्न होईपर्यंत रोज दोन्ही वेळा.

मग घरं झाली, गावाहून बायका आल्या. आणि बोलणं सुरू झालं. एकटी बाई, रोज पन्नास पुरुषांची ऊठबस. नवरा दिसत नाही आणि कुंकू मात्र रुपयाएवढं. शेवटी सभा झाली. खानावळीमुळे वाडीचं नाव खराब होतं असं ठरलं. पुढाकार जयवंतरावांचा, पण मागून बोलणं सुनंदाकाकूंचं. तिच्या हातचं जेवलेले सगळे त्या सभेत होते. कोणी तोंड उघडलं नाही.

मी विचारलं, मामा, तू?

मामा म्हणाला, मी पण थंयच होतंय. आणि विडी शोधायला लागला. विडी कानावरच होती.

संध्याकाळी जयवंतराव आले. म्हणाले, मुलगा लहान आहे, ओघात बोलला, आपण ते वाक्य रद्द समजू. मामा म्हणाला, "राखणदाराक काय नोटीस धाडतलंस?" म्हणजे आता ते वाक्य देवाचं झालं. आम्हा लोकांचं असंच. माणसाला दिलेला शब्द फिरवू, पण गाऱ्हाण्यात व्हय म्हटलं की संपलं. परबांनी तर आजच सांगून टाकलं, मथुराबाईचं पान लागल्याशिवाय माझ्या घरचं कोणी पंगतीला बसणार नाही.

ती कुठे आहे कोणाला ठाऊक नाही. ठराव असा झाला की ज्याने तोंड उघडलं त्याने तिला शोधून आणावं. नाही आणली तर चौदा तारखेच्या बोटीने अनंता मालवणला.

मालवणला काय आहे? घर पडलंय, दशावताराची कंपनी फुटलीय. इथे निदान – जाऊ दे. इथे खूप काय काय आहे.

३१ जानेवारी

काय दिवस गेला! मी आज तीन वेळा मेलो.

परबांचा पुतण्या म्हणाला होता, अंधेरीला सिनेमाच्या स्टुडिओत कामगारांना जेवण घालणारी एक मालवणी बाई आहे. साकीनाक्यावरून मरोळच्या शेतातून चालत गेलो. वाटेत एका बैलगाडीवाल्याने गवतावर बसवलं, त्याच्याशी बैलांच्या नावांवर बोलता बोलता रस्ता चुकलो, परत फिरलो. स्टुडिओच्या फाटकाशी मला काही विचारायची वेळच आली नाही. एक माणूस धावत आला, माझे खांदे बघितले आणि म्हणाला, चल, सैनिक कमी पडतायत. डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण, हातात लाकडी तलवार, पाच मिनिटांत मी कुठल्याशा राजाच्या सैन्यात!

काम एकच – बाण लागला की पडायचं. पण मी दशावतारी. आमचा राक्षस असा पटकन मरत नाही. आधी गिरकी, मग छाती धरून देवाला शाप, मग पश्चात्ताप, मग पाय झाडणं. पहिल्यांदा मी शापापर्यंत आलो तर तो माणूस ओरडला, ए, तू कोण? राजा अजून जिवंत आहे, तू कशाला भाषण करतोस? दुसऱ्यांदा नुसती गिरकी घेतली, शेजारचे दोघे आडवे. तिसऱ्यांदा मला सांगितलं, तू आधीच मेलेला आहेस, पडून राहा. तेही मी चांगलं केलं असं मला वाटतं.

दुपारी त्यांच्या कॅन्टीनमध्ये जेवण मिळालं. उसळीचा पहिला घास घेतला आणि गावाला पोचलो. आचाऱ्याला विचारलं तर तो कानडी निघाला! म्हणाला, हे वाटण मला मथुराबाईने शिकवलं. ती होती इथे, स्टुडिओ बांधत होते तेव्हा. आता माहुलला. तिकडे खाडीवर तेलाचा मोठा कारखाना उभा राहतोय ना, तिकडे.

म्हणजे आहे! जिवंत आहे! धावतच निघालो. शिरस्त्राण डोक्यावर राहिलं होतं, मरोळला एका पोराने हसून दाखवलं तेव्हा कळलं.

१ फेब्रुवारी

कुंदाला मरून दाखवलं, जिन्याखाली. हसता हसता तिच्या हातातला रंगाचा डबा सांडला. एक पायरी हिरवी झालीय. दोघांनाही शिव्या बसल्या. झकास दिवस.

४ फेब्रुवारी

चेंबूरपर्यंत गाडी, पुढे चालत. माहुलला एका बाजूला कोळ्यांची घरं, बांबूवर बोंबील वाळतायत, आणि त्यांच्या डोक्यावर चांदीसारख्या चकचकीत गोल टाक्या, देवळाएवढ्या. बघतच बसलो. एका कोळणीने टोपलीचा धक्का मारून बाजूला केलं तेव्हा भानावर आलो. तिनेच खानावळ दाखवली.

पत्र्याची लांब शेड. आत धूर. मथुराबाई म्हणजे मला वाटलं होतं बारीक, दुःखी अशी कोणी असेल. ही तर अशी! रुंद, काळी, आवाज फौजदाराचा, कपाळावर खरंच रुपयाएवढं कुंकू. एका हाताने वडा थापत होती, दुसऱ्या हाताने एका सरदारजीला पानावरून उठवत होती, कारण त्याने हात धुतले नव्हते.

"कोण रे तू झिला?"

म्हटलं, कातळवाडीतून आलोय, गुणाजीचा भाचा.

हात थांबला. मग म्हणाली, आधी जेव.

जेवलो. दोनदा. मग तिला सगळं सांगितलं – गाऱ्हाणं, वड्यांचा वास, सगळ्यांचं व्हय. ती एवढी हसली की सरदारजीही हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. सगळ्यांची चौकशी केली. जयवंत अजून मिरची बाजूला काढतो काय? गुणाजीच्या पाठीचं दुखणं? परब झोपेत बडबडायचा, लग्नानंतर बायकोने ऐकून घेतलं काय?

मग म्हणाली, रविवारी साठ बापये जेवायला येतात, यांना काय सांगू? आणि खरं सांगायचं तर मला तिकडे पुरुषांनी बोलवून काय उपयोग? पुरुषांनी मला कधी काढलंच नव्हतं, ते नुसते गप्प बसले होते.

"जंय बायको नसलेले बापये, थंय पयली चूल माझी. मगे बायलो येतत, तुळशी लागतत, पडदे लागतत. आणि माझ्या चुलीचो धूर दिसाक लागता." वडा तेलात सोडला. "बायलांनी काढलां, बायलांनीच बोलवूक व्हया. सुनंदेक सांग."

हे तिने रागाने सांगितलं नाही. मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं. परत येताना मी रस्ताभर हेच घोळवत होतो, म्हणून एकदाही चुकलो नाही.

७ फेब्रुवारी

मंडळात सांगितलं. जयवंतरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, हा विषय महिलांच्या कक्षेत येतो. म्हणजे हात झटकले!

महिलांच्या कक्षेत भूकंप. परबकाकू म्हणतात, मी कशाला जाऊ, मी तेव्हा बाळंतीण होते. मामी म्हणते, मी तर आलेच नव्हते. सगळ्या मिळून सुनंदाकाकूंकडे बघतात आणि सुनंदाकाकू तांदूळ निवडतात. मी निरोप सांगितला तेव्हा मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, दार लावून घे जाताना.

९ फेब्रुवारी

मामाने बोटीची वेळ विचारून आणलीय. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, तुझी नाय, बोटीची घाई. मला हसू आलं नाही.

१० फेब्रुवारी

कुंदाने पाट्या संपवल्या. 'मंडळ' पण गडद केलं. मी विचारलं, मी गेलो तर मरून कोण दाखवणार? ती म्हणाली, जाणार कशाला, आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज ऐकलास का? तीन दिवस ती गरज नसताना वाटतेय. काहीतरी होणार.

मुली आयांना ओळखतात. मला तर वरवंट्याचा आवाज वरवंट्यासारखाच वाटला.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मी दात घासतोय तर समोर सुनंदाकाकू. नवं लुगडं, हातात कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची वाटी. "चल रे. रस्ता दाखव. आणि बडबड करायची नाही."

केली नाही! घाटकोपर ते माहुल, एक अक्षर नाही. आयुष्यात पहिल्यांदा. चेंबूरला एक माकडवाला होता, त्याच्याकडेसुद्धा बघितलं नाही. म्हणजे थोडं बघितलं.

खानावळीत शिरलो तेव्हा मथुराबाई भाताची पेज काढत होती. तिने बघितलं, ओळखलं, पण उठली नाही. सुनंदाकाकू दारातच उभ्या. मला वाटलं आता भांडण. दोघी एकमेकींचे केस बघत होत्या. दोघींचे पांढरे झालेत.

काकू आमच्यासमोर कधी मालवणी बोलत नाहीत. कुंदालाही बोलू देत नाहीत. पण तोंडातून तेच आलं. "जेवूक बोलवूक इलंय."

"उद्या? आणि ह्येंका कोण घालतलां?" मथुराबाईने पळीने शेडकडे दाखवलं. लांबच लांब ओळी, पाटावर बसून वाट बघणारी माणसं. "माझे बापये उपाशी ठेवून मी तुमच्या पानार बसू?"

हे ऐकून मी मनातल्या मनात वळकटी बांधली. बोट, मालवण, संपलं.

काकूंनी त्या ओळींकडे बघितलं. मग कोयरी माझ्या हातात दिली, पदर खोचला, पिंपातल्या पाण्याने हात धुतले. कोपऱ्यातून एक पत्रावळ घेतली, पाट मांडला, पत्रावळीभोवती बोटाने पाण्याची रेघ काढली. भात, उसळ, दोन वडे वाढले.

"बस."

"गे बाये, माझोच भात माका वाढतंस?"

"बस म्हटलंय ना!"

मथुराबाई बसली. इतके दिवस उभी असलेली बाई खाली बसल्यावर केवढी लहान दिसते! काकूंनी तिला कुंकू लावलं. त्या रुपयाएवढ्या कुंकवावर आणखी एक बोट. थोडं नाकावर सांडलं. सरदारजीने पगडी नीट केली.

मथुराबाईने पहिला घास घेतला, चावला. मग म्हणाली, "मीठ कमी पडलां. इतकी वर्सां झाली, एकान सांगूक नाय."

काकू हसल्या की रडल्या मला कळलं नाही, कारण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मग दोघींनी मिळून साठ माणसांना वाढलं. मीही वाढलं. पाणी.

येताना काकूंनी गाडीत मला शेंगदाणे घेऊन दिले. म्हणाल्या, आता बोल हवं तर. पण मी घाटकोपर येईपर्यंत शेंगदाणेच खात बसलो.

१३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी परत वाद. परब म्हणाले, ती आली कुठे? पान लागलं कुठे? जेवायचं नाही! पोरं वड्यांच्या टोपाभोवती घिरट्या घालतायत, सत्यनारायण आटपलाय, आणि मोठी माणसं देवाचं वाक्य तपासतायत. शेवटी सगळे मामाकडे वळले. मामाने डोळे मिटून माझं गाऱ्हाणं पहिल्यापासून म्हणून बघितलं आणि म्हणाला, "पयलां पान देतलाव म्हटला. माटवात देतलाव असां खंय म्हटला?" मांडव नाही तर माहुल, सुनंदाने दिलं म्हणजे वाडीने दिलं. सगळ्यांना एवढी भूक लागली होती की कोणी उलटून बोललं नाही.

परब पहिले बसले!

काय पंगत झाली! जयवंतरावांनी मिरची बाजूला काढली, मी बघितलं. कुंदा खीर वाढत आली आणि माझ्या पानावर दोनदा थांबली. दुसऱ्यांदा खीर नव्हतीच तिच्या भांड्यात. नुसतीच थांबली.

शेवटी जयवंतरावांचं भाषण. ते काल रात्रीपासून वेगळेच दिसतायत. घरात काय बोलणं झालं कोण जाणे. पण बोलले मात्र सुंदर. म्हणाले, आद्य रहिवासी म्हणजे भिंत बांधणारा नव्हे, आद्य रहिवासी म्हणजे मथुराबाई. या वाडीची दारं त्यांच्यासाठी सदैव उघडी आहेत. त्यांनी केव्हाही यावं आणि आपलं घर समजून इथे राहावं.

सवयीने मागून मामाच्या तोंडून निघालं – "व्हय म्हाराजा!" आणि सगळी पंगत, उष्ट्या हातांनी, "व्हय म्हाराजा!"

मला मंडळात घेतलं. चिटणीसांचा मदतनीस. बोट रद्द. बोट रद्द!

१४ फेब्रुवारी

ज्या बोटीने जायचं होतं ती आज सुटली असेल. मी मात्र माहुलला. काकूंनी पंगतीतलं डब्यात भरून दिलं होतं, मथुराबाईला पोचवायला.

तिने वडा मोडून बघितला, म्हणाली, तेल गरम नव्हतं. खीर मात्र चाटूनपुसून. मी पंगतीची सगळी हकीकत सांगितली. परब पहिले बसले ते, पोरं, सगळं. आणि जयवंतरावांचं भाषण तर अख्खं म्हणून दाखवलं, गाऱ्हाण्याच्या आवाजात, पाटावर उभा राहून. शेडमधले लोक जेवता जेवता थांबले. 'इथे राहावं'ला तर मी हात असा लांब केला की आमटीचं भांडं कलंडलं.

ती कलथा हातात धरून ऐकत होती. एवढंच विचारलं, "जयवंत असां बोललो? सगळ्यांसमोर?"

म्हटलं, सगळ्यांसमोर. आणि सगळ्यांनी व्हय म्हटलं.

तिने डबा धुतला. रिकामा परत देत नाहीत म्हणून त्यात मूठभर तांदूळ टाकले. मी निघालो तरी ती शेडच्या वाशांकडे बघत उभी होती.

येताना खाडीत एक होडी रुतली होती, ती ढकलायला थांबलो. गुडघ्यापर्यंत चिखल. गाणी म्हणत घरी.

१७ फेब्रुवारी

घाईत लिहितोय, खाली बोलावतायत. लॉरी आलीय. तिच्यातून हंडे उतरले, पराती, पाटा-वरवंटा, पाटांची चळत, वळकटी, आणि शेवटी मथुराबाई. माहुलला कामगारांना खोल्या मिळाल्या म्हणे, बायका आल्या. सगळी वाडी दारात आलीय. जयवंतराव अर्ध्या दाढीला साबण लावलेले, तसेच बाहेर. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इलंय रे जयवंता. चूल खंय मांडू?"